हिरवा दिवा चार्जरचा असतो

पूर्ण भरलेले सहा सेल कॅमेऱ्यातून काढून त्यांच्या जागी अर्धवट भरलेले सहा सेल मी माझ्या स्वतःच्या हाताने बसवले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. वर ते भरलेले सहा सेल मी कुर्त्याच्या ज्या खिशात टाकले त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे तेव्हाही होती आणि आजही आहे. विद्यापीठाने अजून परत मागितलेली नाही.

ते सेल माझ्या घरमालक काकांचे होते. अमेरिकेत हर्नडनला त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी तीन वर्षं भाड्याने राहिलो. काका त्या पिढीतले, जी आमच्यासारखी लॅपटॉप घेऊन नव्हे तर स्लाइड रूल आणि मेतकुटाची पुडी घेऊन अमेरिकेत उतरली. आयुष्यभर विजेच्या कुठल्याशा मोठ्या यंत्रांवर काम करून निवृत्त झाले होते. मोठी यंत्रं हातातून गेल्यावर त्यांनी आपला सगळा जीव लहान यंत्रांत, म्हणजे पुन्हा चार्ज करता येणाऱ्या पेन्सिल सेलांत, ओतला.

खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवाणखान्यात खेळण्यातला एक कुत्रा चालत होता. चार पावलं चालायचा, तीनदा भुंकायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. अंगावरची लोकर गेलेली, एक डोळा पडलेला. काका सोफ्यावर मांडीवर वही आणि हातात स्टॉपवॉच घेऊन बसले होते.

"बसा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बावीस नंबर चाललाय."

मी बसलो. कुत्रा माझ्या बुटापाशी येऊन भुंकला.

"तुम्हाला खोली बघायचीय ना?" काकू आतून म्हणाल्या. "कुत्रा मेल्यावर दाखवतील. तोवर चहा घ्या."

कुत्रा मरायला एक तास अकरा मिनिटं लागली. शेवटी शेवटी त्याचं भुंकणं जड झालं, पाय अर्ध्यात थांबला, आणि काकांनी स्टॉपवॉच दाबलं. वहीत काहीतरी लिहिलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "गेल्या वेळेपेक्षा चार मिनिटं कमी. म्हातारा होत चाललाय बावीस नंबर. चला, खोली दाखवतो. गाव कुठलं?"

"नागपूर."

"अरेरे," काका म्हणाले. "उष्णतेत सेल फार लवकर उतरतो."

त्या दिवसापासून मी 'नागपूरकर' झालो. माझं खरं नाव काकांना माहीत होतं, कारण लीजवर होतं. पण ते त्यांनी कधी वापरलं नाही.

काकांच्या घरात असे साठेक सेल होते. प्रत्येकावर काळ्या मार्करने नंबर आणि खरेदीचा महिना. प्रत्येकाची वहीत एक ओळ. आणि हे सगळे राहायचे फ्रिजमध्ये, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, एका खळग्यात दोन-दोन. काकू कडक शाकाहारी. त्या घरात अंडं कधी आलं नाही, ट्रे मात्र पाच होते. शेजारची अमेरिकन आजी ते रिकामे करून आणून द्यायची. हे लोक परसात कोंबड्या पाळतात अशी तिची पक्की समजूत होती, आणि एकही कोंबडी कधी दिसत नाही याचं तिला कौतुक होतं.

"फ्रिजमध्ये कशाला, काका?" मी एकदा विचारलं.

"कारण भरलेला सेल नुसता पडून राहिला तरी रिकामा होतो. काही न करता. महिन्याभरात चांगला चतकोर जातो. गारव्यात कमी जातो." मग माझ्याकडे बघून, "तू ऑफिसमधून येतोस तेव्हा काय करून दमलेला असतोस?"

"मीटिंग होत्या."

"तेच म्हणतोय मी."

काकांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे: टाकी केवढी, नळ केवढा? सेलवर जो मोठा आकडा छापलेला असतो, तेराशे, सोळाशे, पंचवीसशे, ती टाकी. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात जो आकडा असतो तो नळ. टाकीला नळाने भागायचं, तेवढे तास. आणि त्यावर चाळीस टक्के.

"वरचे चाळीस कशाचे?"

"वाटखर्च. तू शंभर ओतलेस तर सगळे पोचत नाहीत रे. बाकीचे वाटेतच गरम होऊन जातात. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगचं कसं असतं?"

छापलेल्या आकड्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. "छापलेली क्षमता म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची," ते म्हणत. "दोन इंच वजा करून बघायला जावं." म्हणून तो कुत्रा. सेल खरोखर किती चालतो हे कुत्राच सांगायचा. रविवारी सकाळी वर कुत्रा भुंकत असायचा, शेजारचा खरा कुत्रा त्याला उत्तर द्यायचा, आणि दोघांच्या मध्ये काकूंचा रियाज चालू असायचा. बेसमेंटमध्ये मला ही मैफल छतातून ऐकू यायची. आपण नक्की कुठल्या देशात आलोय असा प्रश्न मला त्या वेळी पडायचा.

हे टाकी-नळाचं सूत्र काका माणसांनाही लावत. मी एकदा जाहीर केलं की महिन्याभरात दहा पौंड वजन कमी करणार. काकांनी माझं पोट पाहिलं, मी रोज किती चालतो ते विचारलं, बोटांवर भागाकार केला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीची दिवाळी. वर चाळीस टक्के." दुसऱ्या एकाने पंधरा दिवसांत स्पॅनिश शिकवणारी सीडी विकत घेतली, तर त्याला म्हणाले, "नळ मोठा आहे, पण टाकीला तोंड आहे का ते बघ." मंडळातली माणसं हसायची आणि पुढच्या वेळी त्यांच्या शेजारची खुर्ची टाळायची.

मी राहायला आलो तेव्हा त्यांनी मला गृहप्रवेशाची भेट दिली: एक जुना चार्जर. चार सेलांचा, बारीक नळाचा, दोनशेचा. नऊ तास झाले की त्याचा लाल दिवा आपोआप हिरवा व्हायचा.

"हिरवा झाला की सेल भरला," मी म्हणालो.

"हिरवा झाला की चार्जरचे नऊ तास भरले," काका म्हणाले. "आत घड्याळ आहे फक्त. हा माझ्या तेराशेच्या सेलांच्या मापाचा आहे. तू उद्या त्यात बादली लावलीस तरी तो नऊ तासांनी हिरवाच होणार. दिवा चार्जरचा असतो, नागपूरकर. सेलला दिवा नसतो."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझी क्षमता पहिल्यापासून मोठी.

आता काकूंच्या गाण्याचं. काकू कोल्हापूरच्या. त्यांची थोरली बहीण, आक्का, तिकडे गाण्याच्या क्लासची मोठी बाई. काकूंना गाणं शिकवलं आक्कांनीच, आणि त्या लग्न होऊन अमेरिकेला निघाल्या तेव्हा विमानतळावर "सुखी राहा" म्हणायच्या ऐवजी आक्का म्हणाल्या होत्या, "तिकडच्या थंडीत तुझा आवाज जाणार, बाळे. लिहून ठेव." तीस वर्षं झाली. फोनवर बाजारभाव, भाची, गुडघे सगळं बोलणं व्हायचं आणि शेवटी आक्का विचारायच्या, "गातेस का अजून? की नुसतीच बोलतेस?" काकूंनी फोनवरून गाऊन दाखवलं तर म्हणायच्या, "फोनवर कुणाचाही आवाज बरा लागतो."

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात काकूंना पहिल्यांदा एकटीने गायला मिळणार होतं. वीस मिनिटं, भीमपलास. काकूंनी ठरवलं की हे चित्रित करायचं आणि आक्काला पाठवायचं. गाणाऱ्या बाळीचं तोंड दिसलं पाहिजे, समोर भरलेला हॉल दिसला पाहिजे. मंडळातले एक डॉक्टर सोमवारी दुपारी भारतात निघणार होते, कोल्हापूरलाच. त्यांच्या हातून सीडी जाणार.

"त्या बाईला एकदा ऐकवायचंय मला," काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "पुढं आक्काचे कान राहतात का माझा गळा, कुणाला ठाऊक." लाटण्याचा आवाज जरा मोठा झाला होता.

काकांचा व्हिडिओ कॅमेरा जुना. त्याची मूळ बॅटरी केव्हाच मेली होती. त्या जागी काकांनी स्वतः एक डबी जोडली होती, सहा पेन्सिल सेल एकापुढे एक बसणारी, वर दोन रबरबँड. कार्यक्रम होता त्या शाळेच्या हॉलमध्ये वायर आडवी टाकायला तिथला जॅनिटर, म्हणजे शिपाई, देत नसे, त्यामुळे चित्रीकरण सेलांवरच. काकांनी सहा नंबर निवडले, प्रत्येकाची कुत्र्याकडून परीक्षा घेतली, भरले, डबीत बसवले. मग मला कॅमेरा दिला, कारण ते स्वतः स्टेजमागे माइकचे सेल सांभाळणार होते.

"हे पावणेदोन तास चालतील. तिचं गाणं वीस मिनिटं. भरपूर. पण ती स्टेजवर येईपर्यंत कॅमेरा बंद. समजलं? दिवा लावणं, आरती, भाषण, काही नको. बंद म्हणजे बंद."

मी मान डोलावली.

मला वाटलं होतं तेराशेचे ते जुने सेल म्हणजे अगदीच पेन्शनर. म्हणून शुक्रवारी ऑफिसमधून येताना मी दुकानातून सहा नवे आणले. पंचवीसशेचे. पाकिटावर वीज कडाडत होती. दुप्पट टाकी म्हणजे दुप्पट वेळ. सगळा कार्यक्रम टिपून काकाकाकूंना चकित करायचं असा माझा बेत. संध्याकाळी चार सेल भेटीच्या चार्जरमध्ये लावले. सकाळी आठ वाजता उठलो तर दिवा हिरवागार. मला तो बघून इतका आनंद झाला की मी त्याला "शाब्बास" म्हणालो. ते चार काढले, उरलेले दोन लावले. दुपारी बाराला निघायचं होतं, तेव्हा दिवा लाल होता. पण दोन सेल हाताला छान कोमट लागले. म्हटलं, भरलेच असणार, पोळी फुगली की आपल्याला कळतंच ना.

हॉलच्या पार्किंगमध्ये अध्यक्षांनी माझ्या हातात कॅमेरा पाहिला आणि खांद्यावर हात टाकला. "शूटिंग तुमच्याकडे? वा! मग पूर्ण घ्या. माझं भाषणसुद्धा. पुढच्या पिढीसाठी." पुढच्या पिढीचा प्रश्न आल्यावर मी काय बोलणार? शिवाय त्याच वेळी मंडळातल्या डेंटिस्टबाईंची धाकटी बहीण तिथून चालली होती आणि तिने माझ्याकडे, निदान कॅमेऱ्याकडे, पाहिलं. मी हॉलच्या कोपऱ्यात जाऊन काकांचे सहा पेन्शनर काढले, खिशात टाकले आणि वीज कडाडणारे सहा बसवले.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही, म्हणजे वेळेवरच झाला. मी दीपप्रज्वलन टिपलं. आरती टिपली. मग अध्यक्ष उठले. त्यांनी मंडळाचा इतिहास सांगितला, सांगताना मध्ये दोनदा विसरले म्हणून पहिल्यापासून सांगितला. देणगीदारांचे आभार मानले, प्रत्येकी उभं करून. मेंबरशिपचा फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं. प्रसादाच्या ताटांची संख्या मोजकी असल्याचं सांगितलं. कुणाची तरी चंदेरी मिनीव्हॅन रस्ता अडवून उभी असल्याचं सांगितलं, त्यावर तीन माणसं एकदम उठली, कारण चंदेरी मिनीव्हॅन अर्ध्या मंडळाकडे होती. हे सगळं मी स्थिर हाताने, पुढच्या पिढीसाठी घेत होतो.

मग काकू आल्या. मोरपंखी साडी, केसांत खरी फुलं. बसल्या, तानपुऱ्याच्या पेटीचं बटण दाबलं, डोळे मिटले, 'सा' लावला.

आणि कॅमेरा बंद पडला.

मी बटण दाबलं. डबी हलवली. रबरबँड ओढून सोडला. काकूंचा आलाप सुरू झाला होता. तेव्हा मला काकांचे सेल आठवले, आणि त्याच क्षणी उजव्या मांडीलाही ते आठवले. बराच वेळ तिथे काहीतरी ऊबदार वाटत होतं. मी ते कलेच्या वातावरणाचं समजलो होतो. किल्ल्यांनी सेलांची टोकं एकमेकांना जोडून दिली होती आणि खिशात तीन सेल निखाऱ्यासारखे तापले होते.

मी उठलो. म्हणजे उडालोच. खिशात हात घातला, हात भाजला, बाहेर काढला, पुन्हा घातला. रेशमी कुर्ता झटकत, एका पायावर, मधल्या वाटेत मी जे काही केलं त्याला पाहणारे नंतर लेझीम म्हणत. सहाही सेल खाली पडले. शाळेचा हॉल स्टेजच्या दिशेने उतरता असतो. ते सेल खडखड, खडखड करत, रांगेने, दोनशे माणसांच्या पायांजवळून काकूंकडे निघाले.

काकूंनी डोळे उघडले नाहीत. पण पडद्याच्या कडेने काकांचं डोकं बाहेर आलं. बायको गात होती त्या बाजूला नाही, जमिनीकडे बघत. सेल पडल्याचा आवाज त्यांनी ओळखला होता.

काकू शेवटपर्यंत गायल्या. टाळ्या फार पडल्या. त्यातल्या किती गाण्याला आणि किती मला, ते आजवर ठरलेलं नाही.

घरी आल्यावर डायनिंग टेबलवर चौकशी बसली. काकांनी वही काढली. मी आरोपीसारखं सगळं सांगितलं: केव्हा लावले, केव्हा काढले, किती कोमट होते.

"पंचवीसशे भागिले दोनशे. वर चाळीस टक्के. साडेसतरा तास," काका म्हणाले. "तू पहिल्या चौघांना नऊ दिलेस. त्यांचं निम्मं पोट भरलं. आणि शेवटच्या दोघांना?"

"चार तास."

"चार! सहाजण एका माळेत चालतात रे. सगळ्यात उपाशी जो, तो थांबला की माळ थांबली. त्या दोघांच्या हिशेबाने..." त्यांनी पेन्सिल चालवली. "कॅमेरा एकोणपन्नास मिनिटं चालायला हवा. टेपवर किती आहे?"

मी कॅमेरा बघितला. "अठ्ठेचाळीस."

काकांचा चेहरा पडला. दोन्ही हातांनी त्यांनी डोकं धरलं. "एक मिनिट कुठे गेलं?"

"काका, मी खरंच फार..."

"ते राहू दे. एक मिनिट कुठे गेलं? वाटखर्च धरलाय. सगळं धरलंय."

मी घाबरत म्हणालो, "सुरुवातीला टेप न लावता जरा झूम करून बघत होतो. हॉलमध्ये कोण कोण आलंय ते."

"कोण कोण म्हणजे?"

"डेंटिस्टची बहीण," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. साडी अजून बदललेली नव्हती.

"झूमची मोटार!" काका उजळले. पेन्सिल टेबलावर आपटली. "बरोब्बर! मोटार खाते ना. आलं ते मिनिट! जमला हिशेब!"

"जमला का?" काकू म्हणाल्या. "छान झालं. आता माझं गाणं कुठंय ते सांगा."

काकांची पेन्सिल थांबली. मी टेबलक्लॉथवर छापलेली द्राक्षं मोजू लागलो.

"अठ्ठेचाळीस मिनिटं त्या माणसाचं भाषण आहे," काकू म्हणाल्या. "ते पाठवू आक्काला? म्हणेल, आवाज गेलाच, पण बाळी पुरुषासारखी दिसायला लागली." हे हसण्यासारखं होतं, पण त्या हसत नव्हत्या. केसांतलं फूल काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, अगदी हळू. तो हळूपणा मला ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

काकांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता रात्रीचे आठ. सगळे रिकामे. नागपूरकराचे सहा नीट भरायचे, माझे चार्जर मंडळाच्या कपाटात राहिलेत, त्याचा चौघांचा, म्हणजे दोन खेपा. पस्तीस तास. सोमवारी सकाळी सात! डॉक्टर दुपारी निघतायत. बसतंय!"

"सोमवारी सकाळी सातला मी भीमपलास गाऊ?"

"का?"

"दुपारचा राग आहे तो! आक्का खिडकीतलं ऊन बघून ओळखेल. मग आवाजाचं राहील बाजूला आणि अर्धा तास त्यावरच बोलेल. उद्या दुपारी तीन. नाहीतर नको."

काकांनी पुन्हा भागाकार केला. उद्या तीनपर्यंत चार सेल भरत होते. सहा हवे होते. त्यांच्या फ्रिजमधले बाकीचे? अर्धे मंडळाच्या माइकांनी पिऊन टाकले होते, माझ्या खिशातले सहा भाजले होते, उरलेले महिनाभर पडून होते, आणि भरून, कुत्र्याची परीक्षा घेऊन पुन्हा भरल्याशिवाय काका त्यांच्यावर आक्का सोपवायला तयार नव्हते. काका खोलीत येरझाऱ्या घालू लागले. मी त्यांना इतकं हवालदिल कधी पाहिलं नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "दुकानातून साधे सेल आणू का? वापरून टाकून द्यायचे?"

ते थांबले. दुकानातून मी कोंबडी आणू का असं विचारलं असतं तरी त्या घरात इतकी शांतता पसरली नसती.

"या घरात?" काका म्हणाले.

तेव्हा काकू उठल्या. टीव्हीखालचा खण ओढला, आत हात घातला आणि गुंडाळलेली एक काळी वायर काढून टेबलावर ठेवली. तिच्या एका टोकाला डबी होती, दुसऱ्या टोकाला भिंतीत घालायचा प्लग.

"हे काय आहे?"

काकांनी वही मिटली.

"अहो, काय आहे हे?"

"अॅडॉप्टर," काका पुटपुटले. "कॅमेऱ्याबरोबर आलेला."

"चालतो?"

"चालत असेल. भिंतीचा आहे तो."

"मग घर कशाचं आहे? भिंतींचंच ना?"

रविवारी दुपारी तीन वाजता दिवाणखान्यात काकू पुन्हा मोरपंखी साडी नेसून बसल्या. वायर आखूड, प्लग सोफ्याच्या मागे, त्यामुळे कॅमेरा एकाच कोपऱ्यात राहू शकत होता. तिथून काकू खिडकीसमोर आल्या, ऊन पाठीमागे, चेहरा काळा. चेहऱ्यावर उजेड पाहिजे, आणि लॅम्पचीही वायर आखूड, म्हणून मी त्यांच्या मागे एका बाजूला उभा राहून टेबललॅम्प हात लांब करून त्यांच्यापुढे धरला. कॅमेऱ्यात मी दिसतो हे काकांनी मला सांगितलं नाही. ते त्यांच्याच दुःखात होते. भिंतीला बांधलेला कॅमेरा ते असा धरून बसले होते की जणू तो कुणी परक्याने मांडीवर आणून ठेवलाय.

मग काकू गायल्या, आणि आता मस्करी बाजूला ठेवतो. मला गाण्यातलं कळत नाही. पण हॉलमध्ये ज्या काकू गायल्या त्या दोनशे लोकांसाठी गायल्या होत्या, आणि त्या दुपारी त्या एकाच बाईसाठी गात होत्या, जी समुद्रापलीकडे गुडघे चोळत बसली होती. मध्ये एका ठिकाणी त्या वर गेल्या आणि तिथेच थांबल्या, इतका वेळ की हातात लॅम्प आहे हे मी विसरलो. काकांनी कॅमेऱ्यावरून डोळे काढून बायकोकडे पाहिलं. किती टक्के उरलंय हे बघायची त्या दुपारी सोय नव्हती, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याची आठवणही झाली नसावी.

लॅम्प सात-आठ पौंडांचा होता. दहाव्या मिनिटाला माझा हात थरथरू लागला. पंधराव्याला मी दुसऱ्या हातात घेतला. विसाव्याला तोंडाने श्वास घेऊ लागलो.

सोमवारी सीडी गेली. त्यानंतर तीन आठवडे काकू फोन वाजला की पदराला हात पुसत धावायच्या आणि "नाही, टेलिमार्केटिंग" म्हणून परत यायच्या. त्या दिवसांत काका कुत्राही चालवत नव्हते.

शेवटी एका रविवारी सकाळी आक्कांचा फोन आला. काकूंनी मला खालून हाक मारली, काकांना बोलावलं आणि स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडे पंखा फिरत होता, कुणीतरी भांडी लावत होतं.

"आक्का, बघितलंस?"

"दोनदा बघितलं."

"मग?"

आक्कांनी कुणाला तरी पंखा बंद करायला सांगितलं. काकूंनी खुर्चीची पाठ धरली होती.

"आवाज आहे गं," आक्का म्हणाल्या. "राहिलाय. मी चुकले."

काकूंनी खुर्ची सोडली. पदर डोळ्यांना लावला आणि काकांकडे पाहून हसल्या. काकांनी चष्मा पुसला, जो मुळीच घाण नव्हता. मलाही भरून आलं. म्हटलं, शेवटी या यशात खारीचा का होईना, आपलाही वाटा आहे.

"पण काय गं, बाळे," पलीकडून आक्का म्हणाल्या, "ते मागं तोंड वासून दिवा धरून उभं केलंयस, ते कोण? त्यापेक्षा एक स्टँड आण. ते निदान हलत नाही."